दीडशे लिटर

गाडीच्या दाराजवळ, दिव्यांच्या बटणांच्या वर, चार लाल ठिपक्यांची एक पट्टी होती. खालचं बटण दाबलं की ठिपके पेटत आणि टाकीत पाणी किती उरलं ते कळे: भरलेली, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, रिकामी. २०२२ चा डिसेंबर ते २०२३ चा मार्च, हे तीन महिने मी सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायचे आणि मग ते बटण दाबायचे. बाहेर सोनोरन वाळवंटात सूर्य उगवत असायचा. त्याच्याकडे लक्ष नंतर जायचं.

माझं सासर पातूरचं. अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की तीस-बत्तीस किलोमीटरवर डोंगर आडवा येतो. त्या डोंगराच्या पायथ्याशी, घाट सुरू होण्याआधी आमचं गाव. टेकडीवर रेणुकामाता, कातळात कोरलेली जुनी लेणी, गावाला लागून बोर्डी नदी. इथल्याच शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी 'जगातील उष्ण वाळवंटे' हा धडा आला की फळ्यावर नकाशा टांगून सहारा, थर, सोनोरन अशी नावं पोरांकडून पाठ करून घेतली. लेक अमेरिकेत फिनिक्सजवळ राहते. ती आणि जावई दोघंही घरूनच काम करतात. त्यांनी एक जुनी, अठ्ठावीस फुटी आरव्ही घेतली. चाकांवरचं घरच ते: चालकाच्या डोक्यावर पलंग, मागे दुसरा पलंग, मध्ये ओटा, गॅस, फ्रिज, न्हाणीघर, छतावर सौर पॅनल. लेकीनं फोनवर म्हटलं, "आई, तू तीस वर्षं बोटानं दाखवलेलं वाळवंट आता पायानं पाहा." ह्यांनी कृषी सहायक म्हणून उभी हयात शेतांच्या बांधांवर काढलेली. ते तयारच होते.

या गाडीखाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची, एक संडासाची. पहिली भरून घ्यायची आणि उरलेल्या दोन ठरावीक जागी, नळीनं, नियमानं रिकाम्या करायच्या. आमची पहिली टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची. प्यायचं पाणी वेगळ्या बुधल्यांत. चार माणसं आणि दीडशे लिटर. पातूरला आमच्या गच्चीवरची टाकी हजार लिटरची आहे आणि ती भरून वाहू लागली की शेजारचे हाक मारतात.

फिनिक्स सोडण्याआधी लेकीनं शहरातले कालवे दाखवले. या शहरावर वर्षाला जेमतेम १८०-२०० मिलिमीटर पाऊस पडतो. अकोल्यात साडेसातशेच्या वर पडतो, तरी उन्हाळ्यात आपण रडकुंडीला येतो. मग लाखोंचं शहर इथं वसलं कसं? उत्तर जमिनीखाली आहे. होहोकाम नावाचे लोक इथं शेकडो वर्षं राहिले. लाकडी आणि दगडी अवजारांनी त्यांनी शेकडो किलोमीटर कालवे खणले आणि मका, कापूस, घेवडा पिकवला. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वस्ती मोडली. चारशे वर्षांनी आलेल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी तेच बुजलेले कालवे उपसून पाणी खेळवलं आणि राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याचं नाव गावाला दिलं. आणखी एक गोष्ट मला त्याच दिवशी कळली. जून ते सप्टेंबर इथं जो पाऊस येतो, त्याला हे लोक 'मान्सून'च म्हणतात. इतक्या दूर हा शब्द कानावर पडला आणि परकं गाव एकदम ओळखीचं वाटलं.

आम्ही निघालो ते टुसॉनकडे. तिथल्या सग्वारो निवडुंगांनी मला माझा धडा पुसून पुन्हा लिहायला लावला. मी शिकवत आले होते की वाळवंटात झाडं विरळ, खुरटी. इथं डोंगरच्या डोंगर चाळीस फुटी निवडुंगांनी भरलेले. सग्वारोच्या अंगावर उभ्या चुण्या असतात, जुन्या पद्धतीच्या घेरदार परकरासारख्या. पाऊस पडला की चुण्या उलगडतात आणि खोड फुगतं. पुढचे कोरडे महिने त्यातलं पाणी थोडंथोडं वापरत ते उभं राहतं. त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात आणि दीडशे-दोनशे वर्षं ते जगतं. सुतार पक्षी त्यात भोकं पाडून घरटं करतात. तोहोनो ओओधम हे इथले मूळ रहिवासी सग्वारोला झाड मानत नाहीत, माणूस मानतात. जूनच्या उन्हात त्याची लाल फळं उतरवतात आणि त्यांचं नवं वर्ष तिथून धरतात. आपल्या शेताच्या कुंपणाचा फड्या निवडुंगही मूळचा याच खंडातला. मी एका सग्वारोखाली उभी राहून वर पाहत होते. चौथीतल्या पोरानं गुरुजींकडे पाहावं तशी.

टुसॉनच्या पश्चिमेला आयर्नवूड फॉरेस्ट नावाचं सरकारी रान आहे. तिथं चौदा दिवस फुकट राहता येतं, पण नळ नाही, वीज नाही, दिवा नाही. चौथ्या रात्री मी भांडी घासून झोपले. पहाटे गाडीखालून घरघर ऐकू आली, थांबेचना. नळाची चावी माझ्याकडून पुरती फिरली नव्हती. रात्रभर सुतासारखी धार वाहिली होती आणि आता पंप नुसती हवा ओढत होता. बटण दाबलं. शेवटचा एकच ठिपका पेटला: रिकामी. खालची सांडपाण्याची टाकी काठोकाठ. जवळचं पाणी तासाभराच्या रस्त्यावर. जावई काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि आई आठवली.

माझं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांचा फार मोठा तुकडा असा आहे, की तिथं विहीर खणली तर पाणी लागतं आणि ते तोंडात धरवत नाही. वर काळी कसदार जमीन, कपाशी आणि तूर डोलते, खाली मीठ. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजत नाही, माणसाची मूत्रपिंडं खराब होतात. माझ्या लहानपणी घरात दोन रांजण होते. एक वापराच्या पाण्याचा, दुसरा गोड पाण्याचा. गोडं पाणी वडील बैलगाडीवर टिपाड ठेवून दुसऱ्या गावच्या विहिरीवरून आणत. पाहुणा आला की त्याला चहाआधी गोडं पाणी मिळायचं, तो मान होता. एकदा खेळून आले आणि त्याच पाण्यात हात बुडवले. आई म्हणाली, "गोड पानी हाये ते, पोरी. हात नोको धू त्यानं." ती ओरडली नाही. तिनं रांजणाच्या काठावर उडालेलं पाणी तळहातानं निपटून घेतलं आणि आपल्या डोळ्यांना लावलं. मला अजून ते दिसतं. एवढं पाहून वाढलेली मी, पातूरच्या नळाखाली चाळीस वर्षांत सगळं विसरले होते.

त्या दिवसापासून गाडीतलं पाणी मी ताब्यात घेतलं. गरम पाणी येईपर्यंत जे थंड वाहतं ते पातेल्यात धरायचं आणि त्यात तांदूळ धुवायचे. ते धुवण संडासात. ताटं आधी भाकरीच्या तुकड्यानं पुसून खायची, मग ओल्या फडक्यानं, मग वाटीभर पाण्यानं. आंघोळ एक दिवसाआड, अंग ओलं केलं की नळ बंद, साबण लावून झाला की पुन्हा सुरू. आमचे पहिले दीडशे लिटर चार दिवसही गेले नव्हते. पुढचे सहा दिवस गेले. जानेवारीत आम्ही आठ दिवसांवर आलो. माणशी रोज पाच लिटरांच्या आत. मला त्याचा जो आनंद झाला, तो निवृत्तीच्या दिवशीच्या सत्काराचाही झाला नव्हता.

वाटेत कपाशी लागली. पानं गळालेली, बोंडं पांढरीशुभ्र. काही शेतांत वेचणी होऊन मोठमोठ्या गुंडाळ्या प्लास्टिकमध्ये बांधून उभ्या होत्या, घराएवढ्या. हे गाडीतून उतरले, बांधावर गेले आणि बोंडातला सरकीसकट एक पुंजका काढून धागा ओढून पाहू लागले. लांब धाग्याचा इथला प्रसिद्ध पिमा कापूस इथल्या पिमा लोकांच्या नावानं ओळखला जातो, त्यांच्याच भूमीवर सरकारी प्रयोगशेतात तो वाढवला गेला. "एवढ्या रानात एक बाई नाही," हे म्हणाले. आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. शेतात पूजा मांडतात, दह्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग बायकांच्या ओळी सऱ्यांत शिरतात. इथं एक यंत्र येतं आणि ओळींच्या ओळी घेऊन जातं. ह्यांनी तो पुंजका रुमालात बांधला आणि पातूरपर्यंत आणला.

मेक्सिकोच्या सीमेवर युमा गाव आहे. तिथं डोळे दिपतात. बाजूला पिवळी वाळू आणि मध्ये क्षितिजापर्यंत कोबी, सॅलडची पानं, पालक. हिवाळ्यात अख्खी अमेरिका जी पानं खाते, त्यांतली बहुतेक इथून जातात. पहाटेच्या अंधारात सीमा ओलांडून मजूर येतात, वाकून पानं कापतात आणि संध्याकाळी परत जातात. हे सगळं कोलोरॅडो नदीचं पाणी. १९२२ साली सात राज्यांनी करार करून ही नदी कागदावर वाटून घेतली. मोजमाप नेमकं चांगल्या पावसाच्या वर्षांचं धरलेलं, म्हणून नदीत आहे त्याहून जास्त पाणी वाटलं गेलं. वाटणीच्या बैठकीत नदीकाठचे मूळ लोक नव्हते. आम्ही युमाच्या पुलावर उभे राहिलो तेव्हा त्या नदीत बोर्डीला श्रावणात असतं तेवढंच पाणी दिसलं. सीमेवरचा शेवटचा बंधारा उरलेलं मेक्सिकोच्या कालव्यांत वळवतो आणि समुद्रापर्यंत नदी बहुतेक वर्षी पोहोचतच नाही.

त्या पुलावर मला पांडुरंग खानखोजे आठवले. आपल्या वर्ध्याचे. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक शेवटी मेक्सिकोत स्थिरावला. तिथल्या चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं आणि गरीब शेतकऱ्यांच्या शाळा उभ्या केल्या. दिएगो रिवेरानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं आहे. म्हातारपणी ते परतले आणि १९६७ साली नागपूरला गेले. विदर्भातल्या माणसानं परक्या देशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कणीस मोठं कसं होईल ते शिकवलं, ही गोष्ट मी भूगोलाच्या तासाला एकदाही सांगितली नव्हती. आता पोरं भेटली की सांगते.

जानेवारीत आम्ही क्वार्टझसाइटला पोहोचलो. नकाशावर हे अडीच हजार वस्तीचं गाव. हिवाळ्यात मात्र कॅनडा आणि उत्तरेकडच्या राज्यांतून थंडी टाळायला लाखो माणसं आपापली घरं ओढत इथं येतात. गावाबाहेरच्या सरकारी माळावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. पूर्ण हंगामाचे त्या वर्षी १८० डॉलर होते आणि त्यात पाणी भरायची नि टाक्या रिकाम्या करायची सोय. शेगावला पालख्या उतरल्या की गावाचं रूप पालटतं, तसं हे गाव पालटलेलं. बहुतेक मंडळी सत्तरीच्या आसपासची. कुणाची बायको गेलेली, कुणी घर विकून कायमच गाडीत राहायला आलेलं. शेजारच्या आजीबाई मिनेसोटाच्या. त्या एकट्या एवढी गाडी चालवत आलेल्या. सकाळी त्यांचा पंप बिघडला की ह्यांना हाक मारायच्या. एकमेकांची भाषा दोघांनाही पुरती येत नव्हती, पंप मात्र सुरू व्हायचा.

या गावात एक थडगं आहे, दगडांचा पिरॅमिड आणि टोकावर तांब्याचा उंट. खाली हाजी अली नावाचा माणूस झोपला आहे. १८५६ साली अमेरिकी लष्करानं वाळवंटात सामान वाहायला उंट आणले आणि ते हाकायला त्याला उस्मानी साम्राज्यातून आणलं. इथल्या लोकांना नाव उच्चारता येईना, त्यांनी त्याचं 'हाय जॉली' केलं. यादवी युद्ध आलं, योजना गुंडाळली, उंट रानात सोडले गेले. हा माणूस मात्र इथंच राहिला आणि १९०२ साली इथंच गेला. तिथं उभी असताना मला पातूरच्या घाटात दिसणारे रबाऱ्यांचे उंट आठवले. उलटी खाट पाठीवर, खाटेत कोकरं आणि कोकरांमध्ये एखादं लेकरू. दर हिवाळ्यात मी ते एसटीच्या खिडकीतून पाहत आले होते. हाजी अलीच्या थडग्यापाशी मी अर्धा तास थांबले. रबाऱ्यांसाठी एकदाही एसटीतून उतरले नव्हते.

क्वार्टझसाइटला जानेवारीत दगडांचा बाजार भरतो. मैदानभर तंबू, टेबलांवर स्फटिक. एका टेबलावर हिरवट, बर्फासारखे लखलखते गुच्छ मांडले होते आणि समोर चिठ्ठी: जळगाव. शेजारी: नाशिक. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पोकळ्या राहिल्या, त्यांत लाखो वर्षं पाणी झिरपून झिओलाइटचे हे स्फटिक वाढले. विहीर खणताना, खाण फोडताना ते निघतात. पातूरची लेणी याच पाषाणात कोरलेली. मी तो दगड हातात घेतला. थंडगार होता. विकणाऱ्याला सांगितलं की मी या दगडाच्या घरची आहे. त्यानं तो मला कितीतरी वेळ हातात धरू दिला.

त्या रात्री मी रोडगे केले. गोवऱ्या कुठून आणणार? मेस्किटची लाकडं विकत आणली. हे मेस्किट आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड, तेच काटे, तशाच शेंगा. ओओधम लोक त्या शेंगांचं पीठ करून खात आले आहेत. निखारे चांगले धगधगले तेव्हा जाड पिठाचे गोळे त्यात पुरले, वांगी भाजली, वरण गाडीतल्या गॅसवर. मिनेसोटाच्या आजी, अल्बर्टाचं एक जोडपं, त्यांचा कुत्रा असे सगळे घेर धरून बसले. रोडगा राखेतून काढून झटकला, फोडला, त्यात तूप सोडलं. आजीबाईंनी पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले. जेवणानंतर भांडी घासायला त्या माझ्या शेजारी आल्या. वाटीभर पाण्यात पाच ताटं कशी निघतात ते त्यांनी मला आणि मी त्यांना दाखवलं. त्यांची रीत माझ्याहून चांगली होती.

फेब्रुवारीत उत्तरेला वळलो. हूवर धरणावरून खाली पाहिलं. १९३० च्या दशकात बांधलेली दोनशे एकवीस मीटर उंच भिंत आणि मागे मीड जलाशय. २०२२ च्या जुलैत तो पहिल्यांदा भरला तेव्हापासूनच्या नीचांकाला गेला होता आणि आम्ही पाहिला तेव्हा एक तृतीयांशही भरलेला नव्हता. काठच्या तांबूस खडकांवर पूर्वीच्या पाण्यानं पांढरा पट्टा उमटवला होता, कित्येक मजले उंच. बादलीला आतून क्षारांची रेघ बसते तशी. ज्यांचं घर खारपाणपट्ट्यात आहे त्यांना ती रेघ वाचायला शिकवावं लागत नाही.

तिथून डेथ व्हॅली. १० जुलै १९१३ ला इथं ५६.७ अंश तापमान नोंदलं गेलं, पृथ्वीवरचा उच्चांक म्हणून तो आजही सांगतात. मी अकोल्याचा सत्तेचाळीस अंशांचा मे महिना सोसलेली आहे, त्यात आणखी दहा मिळवून पाहिले आणि थांबले. फेब्रुवारीत मात्र आपल्या दिवाळीनंतरच्या दुपारसारखी हवा होती. दरीच्या तळाशी, समुद्रसपाटीच्या शहाऐंशी मीटर खाली, बॅडवॉटर नावाची जागा आहे. मैलोन्मैल पांढरं मीठ, त्यावर षटकोनी भेगा, आणि कडेला पाण्याचं एक छोटं डबकं. नाव पडलं त्याची कथा अशी सांगतात की, एका मोजणीदाराचं खेचर तहानलेलं असूनही या पाण्याला तोंड लावेना. त्यानं नकाशावर लिहिलं, वाईट पाणी. मी बोट बुडवून जिभेला लावलं. माहेरच्या विहिरीची चव. डोळ्यांत पाणी आलं आणि तेही त्याच चवीचं.

याच दरीतून १८८० च्या दशकात टाकणखार काढून नेत. वीस जनावरांचा तांडा, दोन प्रचंड गाडे, आणि मागे जोडलेला तिसरा गाडा निव्वळ पाण्याचा, साडेचार हजार लिटरांचा. अडीचशेहून जास्त किलोमीटरची वाट. तो गाडा अजून तिथं उभा आहे. आमची आरव्ही त्याच्या शेजारी उभी केली तेव्हा लक्षात आलं, दोन्हींचा हिशेब एकच. पुढचं पाणी येईपर्यंत मागचं पुरलं पाहिजे.

परतीच्या वाटेवर विन्स्लोजवळ अशनीविवर पाहिलं. दर वर्षी मी सातवीच्या पोरांना लोणारला नेत असे, त्यामुळे हे ठिकाण मला सोडवणार नव्हतं. इथलं विवर बाराशे मीटर रुंद, लोणारचं त्याहून बरंच मोठं. डॅनियल बॅरिंजर नावाच्या माणसानं १९०३ पासून इथं लोखंडाचा गोळा सापडेल म्हणून वर्षानुवर्षं खोदलं आणि तो सापडला नाही. हा खड्डा ज्वालामुखीनं केलेला नसून आकाशातून आलेल्या आघाताचा आहे हे १९६० मध्ये यूजीन शूमेकरनं खडकाच्या दाबलेल्या कणांवरून सिद्ध केलं. इथला तळ कोरडा. लोणारच्या तळाशी खारं तळं आहे आणि काठावर धार नावाचा गोड झरा बाराही महिने वाहतो. खारं आणि गोडं, हाकेच्या अंतरावर. त्या धारेखाली पोरांना ओंजळी धरायला लावायचे, तेव्हा ती किती मोठी गोष्ट आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

विन्स्लोच्या उत्तरेला नवाहो लोकांचा मोठा प्रदेश सुरू होतो. तिथल्या साधारण तीनातल्या एका घराला आजही नळ नाही. हे मी कुठंतरी वाचलं होतं. गावातल्या पाणी भरायच्या जागी आम्ही टाकी लावली, तेव्हा मागे एक पिकअप येऊन थांबला. पाठीवर हजारेक लिटरची पांढरी टाकी. चाकाशी एक म्हातारी, गळ्यात पिरोजाची माळ, केसांचा लोकरीनं बांधलेला अंबाडा. मी आमची नळी काढली आणि तिला आधी भरायला सांगितलं. लेकीनं मध्ये पडून बोलणं करून दिलं. त्या आठवड्यातून एकदा येतात. जायला-यायला मिळून शंभर किलोमीटर. घरात सहा माणसं आणि बाहेर मेंढ्या. मी विचारलं, आठवडा पुरतं? त्या म्हणाल्या, पुरवतो. मग मी माझ्या माहेराबद्दल सांगितलं, बैलगाडी, टिपाड, दोन रांजण. त्या ऐकत राहिल्या. टाकी भरली तेव्हा त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि एक शब्द म्हणाल्या, "तो." लेकीनं सांगितलं, त्यांच्या भाषेत पाण्याला असंच म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे पाण्याचं एक नाव 'जीवन' आहे. त्याचा अर्थ ऐकून त्यांनी मान हलवली, नवं काही ऐकल्यासारखी नव्हे.

त्यांचा पिकअप हळूहळू गेला, पाणी हिंदकळू नये म्हणून. आमच्यासाठी दीडशे लिटर हा तीन महिन्यांचा अनुभव होता. हवं तेव्हा आम्ही तो संपवू शकत होतो. त्या बाईंसाठी ते घर चालवणं होतं. वाळवंट म्हणजे कमी पावसाचा प्रदेश, असं मी तीस वर्षं शिकवलं. फिनिक्समध्येही पाऊस तेवढाच कमी आहे आणि तिथं घराघरात नळ वाहतो. तहान कुणाच्या वाट्याला येते हे पावसाआधी माणसं ठरवतात. खारपाणपट्टा हे मला लहानपणीच सांगत होता, मी मात्र ते पुस्तकात शोधत राहिले.

जूनमध्ये, पातूरला आल्यावर, बातमी वाचली. १८६८ च्या करारानं मिळालेल्या भूमीवर पाणी पोहोचवायला सरकारनं पावलं उचलावीत अशी नवाहोंची मागणी होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती नाकारली. त्या दिवशी मला त्या बाईंचा टाकीवर ठेवलेला हात दिसत राहिला.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची आहे. मार्चअखेर आम्ही परतलो. चार दिवसांनी घाटाच्या पायथ्याशी, एका कापणी झालेल्या शेतात रबाऱ्यांचा तांडा उतरला. मेंढ्या रात्री शेतात बसवायच्या, खत शेताला आणि धान्य तांड्याला, असा इथला जुना सौदा. दुपारी एक बाई दारात आली. काळा घागरा, हातात चांदीचं जाड कडं, दोन वीस-वीस लिटरचे कॅन. पाणी मिळेल का, म्हणाली. अशा बायका दरवर्षी आल्या असतील आणि मी नळाकडे बोट दाखवून आत गेले असेन. या वेळी मी स्वतः नळाशी बसले. विचारलं, किती माणसं? पाच. किती दिवस जाईल? दोन दिवस, उद्या रात्रीपर्यंत तरी. मी मनात भागाकार केला. माणशी रोज चार लिटर, पिणं, स्वयंपाक, सगळं धरून. वाळवंटातला आमचा सगळ्यात चांगला आठवडासुद्धा तिच्या साध्या दिवसापर्यंत पोहोचला नव्हता.

दुसरा कॅन काठाशी आला तसा मी नळ बंद केला, चावी पुरती फिरवून. थोडं पाणी कॅनच्या तोंडाशी उडालं होतं. तिनं ते तळहातानं निपटून घेतलं आणि आपल्या डोळ्यांना लावलं.